पोलादी पत्र्याची कसोटी

ऑक्टोबर १९८० मध्ये नाटो राष्ट्रांनी आपल्या पायदळासाठी दुसरे प्रमाण काडतूस ठरवले. व्यास ५.५६ मिलिमीटर, गोळीचे वजन सुमारे चार ग्रॅम, मूळ आराखडा बेल्जियमच्या एफएन कंपनीचा. १९७७ पासून चाललेल्या चाचण्यांत ब्रिटनने आपले ४.८५ मिलिमीटरचे काडतूस उतरवले होते, जर्मनीने पुंगळीच नसलेले ४.७ मिलिमीटरचे, अमेरिकेनेही स्वतःचे नवे काडतूस आणले होते. जिंकली ती बेल्जियमची एसएस१०९ ही गोळी. तिच्या बाजूने मांडलेल्या मुद्द्यांपैकी एक मुद्दा अगदी साधा होता आणि तोच वजनदार ठरला: सुमारे साडेतीन मिलिमीटर जाडीचा साध्या पोलादाचा पत्रा ती सहाशे मीटरवरून भेदत होती. चांदमारीवर उभा केलेला तो पत्रा शत्रूच्या सैनिकाच्या डोक्यावरच्या पोलादी शिरस्त्राणाच्या जागी होता.

त्या पत्र्यावर पसंत पडलेली गोळी नॉर्वेपासून तुर्कस्तानपर्यंतच्या सैन्यांत गेली. पुढे तिच्याशी जुळणारे काडतूस भारतीय जवानाच्या इन्सास रायफलीतही आले. आणि ज्या शिरस्त्राणासाठी हा सगळा खटाटोप झाला, ते पोलादी शिरस्त्राण स्वतःच काही वर्षांत एकेका सैन्यातून निवृत्त होऊ लागले.

गोळी आणि पोलाद यांच्या झुंजीचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हीच गोष्ट वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा दिसते. पोलादी पत्रा हा प्रामाणिक परीक्षक आहे. छिद्र पडले की पडले, नाही तर नाही. मात्र तो विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. प्रश्न चुकीचा असेल, अपुरा असेल किंवा जुना झाला असेल, तर उत्तर कितीही अचूक असले तरी त्याचा उपयोग नसतो. मग प्रश्न विचारणारे निवृत्त होतात, कसोटी मात्र टिकून राहते आणि तिची किंमत रणांगणावरचा सैनिक किंवा नाक्यावरचा पोलीस मोजतो. रायफल, काडतूस आणि बुलेटप्रूफ जाकीट यांवर आपला देश मोठा खर्च करत असताना हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे.

ही कसोटी रायफलीच्याही आधीची आहे. युरोपातले चिलखत घडवणारे कारागीर गिऱ्हाइकाच्या समोर छातीच्या पत्र्यावर बंदुकीची एक गोळी झाडत. पत्र्यावर पडलेला पोचा पुसून टाकायचा नाही, तोच दर्जाचा शिक्का. बंदुका सुधारत गेल्या तसा पत्रा जाड होत गेला. शेवटी त्याचे वजन माणसाला पेलवेना आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक पायदळाने तो उतरवून ठेवला. चिलखत हरले ते गोळीपेक्षा स्वतःच्या वजनापुढे. हा धडा नंतरच्या प्रत्येक पिढीला नव्याने शिकावा लागला.

त्या जुन्या झुंजीचा एक विलक्षण पुरावा मेलबर्नच्या स्टेट लायब्ररीत आहे. जून १८८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्लेनरोवन या गावी नेड केली या दरोडेखोराला पोलिसांनी वेढले. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी नांगराच्या फाळांमागच्या वक्र पत्र्यांतून चिलखते घडवून घेतली होती. जाडी साधारण सहा मिलिमीटर, केलीच्या चिलखताचे वजन सुमारे चव्वेचाळीस किलो. पोलिसांकडे मार्टिनी-हेन्री आणि स्नायडर रायफली होत्या. गोळ्या पत्र्यावर आदळल्या, पोचे पडले, पण पत्रा फाटला नाही. केली कोसळला तो उघड्या पायांवर झाडलेल्या छऱ्यांनी.

मार्टिनी-हेन्री ही काही लेचीपेची बंदूक नव्हती. तिची गोळी ३१ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ४१० मीटर. या आकड्यांवरून तिची ऊर्जा २,६०० ज्यूलच्या घरात जाते. त्यानंतर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी अमेरिकेने स्वीकारलेली ५.५६ मिलिमीटरची एम१९३ गोळी फक्त साडेतीन ग्रॅमची. वेग सेकंदाला ९९० मीटर धरला तर ऊर्जा १,७५० ज्यूलच्या आसपास, म्हणजे मार्टिनीच्या दोन तृतीयांश. तरीही जवळच्या अंतरावरून ही चिमुकली गोळी केलीच्या पत्र्यासारखे साधे पोलाद भेदून जाते आणि मार्टिनीची भलीमोठी गोळी जात नाही. ऊर्जा किती यापेक्षा ती किती जागेवर एकवटली हे इथे महत्त्वाचे ठरते. अंगठ्याने कितीही दाबले तरी कापड फाटत नाही, टाचणी मात्र सहज आत जाते. मार्टिनीच्या गोळीचा व्यास ११.४ मिलिमीटर, तिची ऊर्जा चौरस मिलिमीटरमागे पंचवीस ज्यूल पडते. एम१९३ ची अडुसष्टच्या आसपास. नाटोच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाची गोळी साडेनऊ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ८४० मीटर. तिचा हिशेब सत्तरावर येतो. नळीच्या तोंडाशी लहान आणि मोठे काडतूस या मापाने जवळपास बरोबरीत आहेत. अंतर वाढत गेले की हलकी गोळी वेग लवकर गमावते, जड गोळी तो टिकवते आणि निकाल फिरतो.

दुसरी गोष्ट धातूची. शिसे मऊ असते. कठीण पत्र्यावर ते पसरते आणि आपली ऊर्जा आडवी उधळून टाकते. पत्र्याचेही दोन स्वभाव असतात. मऊ पोलाद बाजूला सरते, भोकाच्या कडा पाकळ्यांसारख्या वळतात. कठीण पोलादातून कधी एक चकती कापली जाऊन बाहेर पडते, कधी पत्राच तडकतो. एकच काडतूस दोन पत्र्यांवर दोन निकाल देते आणि एकच पत्रा दोन अंतरांवर दोन निकाल देतो. म्हणून ‘ही गोळी पोलाद भेदते’ या विधानाला पोलाद कोणते, किती जाड, कोणत्या कोनात आणि किती अंतरावर हे सांगितल्याशिवाय काहीही अर्थ नसतो.

१८८० च्या दशकात दोन शोधांनी चित्र पालटले. स्विस अधिकारी एडुआर्ड रूबिन याने शिशाच्या गोळीला तांब्याचे वेष्टण चढवले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएल याने १८८४ मध्ये बिनधुराची दारू तयार केली. १८८६ ची फ्रेंच लेबेल रायफल ही या दोन्हींची पहिली मोठी फलश्रुती. आठ मिलिमीटरची गोळी सेकंदाला सहाशे मीटरहून अधिक वेगाने जाऊ लागली. नंतर जर्मनीने टोकदार, हलकी दहा ग्रॅमची गोळी आणली आणि वेग ८८० मीटरच्या आसपास नेला. जुन्या चिलखतांचे दिवस कायमचे संपले.

पण गोळी भेदक झाली तसा एक नवा प्रश्न उभा राहिला आणि तो हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर पहिल्यांदा तीव्रतेने जाणवला. वेष्टण असलेली नवी .३०३ गोळी माणसाच्या शरीरातून सरळ आरपार जाते आणि हल्ला करणारा थांबत नाही, अशी तक्रार १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर ब्रिटिश अधिकारी करू लागले. कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाचे वेष्टण काढून शिसे उघडे ठेवणारी गोळी तयार केली. ती शरीरात पसरत असे आणि भयानक जखम करत असे. १८९९ च्या हेग परिषदेने शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणारा जाहीरनामा केला. माणुसकीच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. आपल्या विषयापुरती त्यातली बाब अशी की भेदकता आणि परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वेळीच सिद्ध झाले होते. पुढच्या शतकात सैन्यांनी हे अनेकदा विसरून दाखवले.

पहिल्या महायुद्धात पोलाद परत आले. १९१५ मध्ये फ्रेंचांचे आद्रियां आणि ब्रिटिशांचे ब्रोडी शिरस्त्राण आले, १९१६ मध्ये जर्मनांचे. ब्रोडीसाठी लवकरच शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डने शोधलेले मँगेनीजयुक्त पोलाद वापरले जाऊ लागले. यांपैकी एकही शिरस्त्राण रायफलीची गोळी अडवण्यासाठी नव्हते. वर फुटणाऱ्या तोफगोळ्यांतून पडणारे छरे आणि तुकडे अडवणे एवढेच त्यांचे काम होते आणि ते त्यांनी उत्तम केले. गोळी अडवायचीच म्हणून जर्मनांनी शिरस्त्राणाच्या कपाळावर लावायचा जाड पत्रा काढला. तो इतका जड होता की मानेला झेपेना आणि फारसा वापरला गेला नाही. ज्या शिरस्त्राणाने आपला प्रश्न नीट निवडला ते लाखो डोक्यांवर राहिले आणि ज्या पत्र्याने सगळेच करायचा हट्ट धरला तो बाजूला पडला.

खंदकांच्या झरोक्यांमागे जर्मन नेमबाज पोलादी पत्रे लावत. ब्रिटिश अधिकारी हेस्केथ-प्रिचर्ड याने ते फोडण्यासाठी हत्तीच्या शिकारीच्या रायफली आघाडीवर नेल्या. जर्मनांनीही शत्रूच्या अशाच पत्र्यांसाठी कठीण पोलादाचा गाभा असलेली के गोळी काढली होती. सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या रणांगणावर रणगाडे आले, तेव्हा हीच गोळी त्यांच्याविरुद्ध कामी आली. पहिल्या रणगाड्यांचे पत्रे सहा ते बारा मिलिमीटरचे होते. एप्रिल १९१७ मध्ये बुलेकूरला ही गोळी पत्र्यांतून आरपार गेली. दोनच महिन्यांनी मेसीनला ब्रिटिशांनी सुधारित पत्र्याचे मार्क ४ रणगाडे आणले आणि तिथे ती निकामी ठरली. साध्या शिशाच्या गोळ्यासुद्धा रणगाड्याच्या आतल्या माणसांना छळतच होत्या. आदळून फुटलेल्या गोळीचे तप्त शिंतोडे फटींतून आत उडत आणि ते चुकवण्यासाठी चालकांना साखळीची झालर लावलेले कातडी मुखवटे घालावे लागत.

के गोळी हरल्यावर जर्मनांनी १९१८ मध्ये १३.२ मिलिमीटरची माऊझर रायफल काढली. रणगाड्याविरुद्धची ही जगातली पहिली रायफल. वजन अठरा किलोंच्या आसपास आणि धक्का असा की चालवणाऱ्याचा खांदा बधिर व्हावा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटनने .५५ इंचाची बॉइज रायफल आणली, सोव्हिएत संघाने १९४१ मध्ये १४.५ मिलिमीटरच्या रायफली आणल्या. बॉइजला १९४० मध्ये फ्रान्सच्या लढाईतच जर्मन रणगाड्यांनी मागे टाकले. सोव्हिएत रायफली जास्त टिकल्या. त्यांच्या धाकाने जर्मनांनी १९४३ मध्ये रणगाड्यांच्या कडेला पाच मिलिमीटरचे पत्रे थोडे अंतर ठेवून टांगायला सुरुवात केली. त्या पातळ पत्र्यातून जाताना गोळीचा तोल ढळे आणि मुख्य चिलखतावर ती आडवीतिडवी आदळे. ताकदीच्या शर्यतीला युक्तीने दिलेले हे उत्तर होते. खांद्यावरच्या रायफलीने पोलादाशी किती दूरवर झुंजावे याची मर्यादा तिथे दिसली. रणगाड्यांचे काम मग रॉकेट आणि पोकळ सुरुंगाच्या दारूगोळ्याकडे गेले.

याच पोलादाला वेगळा प्रश्न विचारणारी एक परंपरा मेक्सिकोत रुजली. पोलादाच्या जाड पत्र्यांतून कापलेल्या प्राण्यांच्या आकृत्यांवर नेम धरायचा: दोनशे मीटरवर कोंबडी, तीनशेवर रानडुक्कर, तीनशे पंच्याऐंशीवर टर्की पक्षी, पाचशेवर मेंढा. या खेळात भोक पाडून गुण मिळत नाहीत, आकृती उलथून पाडावी लागते. म्हणून पोलाद मुद्दाम कठीण घेतात आणि पत्र्याला खड्डे पाडणाऱ्या भेदक गोळ्यांना मज्जाव असतो. इथे वेग आणि टोकापेक्षा वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे गोळीचा संवेग, महत्त्वाचा. या हिशेबात एम१९३ चा आकडा नळीच्या तोंडाशी साडेतीनच्या आसपास येतो, ७.६२ चा आठ आणि जुन्या मार्टिनीचा पावणेतेरा. म्हणजे पाचशे मीटरवरचा मेंढा पाडायचा तर हलक्या गोळीवर विसंबता येत नाही. एकाच धातूसमोर तीच काडतुसे उभी केली आणि प्रश्न बदलला, तर क्रमच बदलतो आणि शेवटचा पहिला होतो.

अमेरिकेची गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. १९५२ मध्ये अमेरिकी लष्करासाठी झालेल्या दोन अभ्यासांनी, हॉल आणि हिचमन यांच्या अहवालांनी, सांगितले की पायदळाच्या बहुतेक चकमकी तीनशे यार्डांच्या आतच होतात. हलकी, वेगवान गोळी आणि जास्त काडतुसे सैनिकाच्या उपयोगाची. १९५७ मध्ये जनरल विलर्ड वायमन यांच्या पुढाकाराने नव्या रायफलीची मागणी लिहिली गेली. तीत एक अट होती: गोळीने पाचशे यार्डांवरून पोलादी शिरस्त्राण भेदले पाहिजे. आधी हे अंतर तीनशे यार्डांचे होते. यूजीन स्टोनर याने हाताशी असलेले .२२२ काडतूस या अटीत बसेना म्हणून त्याची पुंगळी लांबवली, दारू वाढवली, आणि त्यातून ५.५६ मिलिमीटरचे काडतूस जन्माला आले. म्हणजे लढाई तीनशे यार्डांच्या आत होते असे अभ्यास सांगत होता आणि काडतुसाचे माप पाचशे यार्डांवरच्या एका टोपीने ठरवले.

१९८० मध्ये हीच टोपी आणखी दूर नेण्यात आली. सहाशे मीटरवरचा पत्रा भेदता यावा म्हणून एसएस१०९ च्या टोकाशी शिशाच्या पुढे पोलादाचा छोटा तुकडा बसवला गेला. या लांब गोळ्यांना हवेत स्थिर ठेवण्यासाठी नळीतल्या खाचांचा पीळ वाढवावा लागला. अमेरिकी रायफलीत तो बारा इंचांत एक फेरा होता, तो सात इंचांत एक झाला. नव्या हलक्या मशीनगनसाठी दूरवर जाणारी गोळी हवी होती, हेही खरे. पण १९८३ मध्ये ग्रेनाडात उतरलेल्या अमेरिकी सैनिकांच्या डोक्यांवर पोलादाऐवजी केव्हलारची शिरस्त्राणे होती. स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेल्या या धाग्याने पोलादी टोपीचा काळ संपवायला घेतला होता. ऑक्टोबर १९९३ मध्ये मोगादिशूच्या गल्ल्यांत लढलेल्या सैनिकांनी तक्रार केली की ही गोळी शत्रूच्या शरीरातून आरपार जाते आणि तो लढतच राहतो. चित्रळची तक्रार जवळपास शंभर वर्षांनी पुन्हा तशीच उमटली. २०१० मध्ये अमेरिकेने त्याच काडतुसासाठी नवी गोळी आणली. तिच्याकडून पोलादासमोर आणि मऊ लक्ष्यासमोर दोन्हीकडे सारखी खात्री अपेक्षित होती. तीस वर्षे आणि कित्येक लढाया गेल्यावर कसोटीत दुसरा प्रश्न जोडला गेला.

बचावाच्या बाजूनेही हाच दोष दिसतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसच्या प्रमाणानुसार जाकिटामागे मातीचा थर ठेवतात आणि गोळी अडली तरी त्या मातीत ४४ मिलिमीटरहून खोल खड्डा पडता कामा नये. हा आकडा १९७० च्या दशकात .३८ रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या आणि मऊ जाकिटे घेऊन शेळ्यांवर केलेल्या प्रयोगांतून आला. पुढे तोच आकडा रायफलीच्या गोळ्या अडवणाऱ्या कठीण पट्टांनाही लावला गेला. गोळी आत शिरली नाही म्हणजे माणूस वाचला असे नव्हे. आतला आघातही जीव घेऊ शकतो. तो मोजायचा तर तो मोजण्यासाठीच केलेला प्रयोग हवा. एका शस्त्रासाठी काढलेला आकडा दुसऱ्या शस्त्रावर चालवणे ही शास्त्राची पद्धत नव्हे.

मे २०१७ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मार्क मिली यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितले की शत्रूंकडे असलेली काही चिलखते आपली ५.५६ ची गोळी भेदू शकत नाही. एप्रिल २०२२ मध्ये त्यांच्या लष्कराने ६.८ मिलिमीटरच्या नव्या काडतुसाची रायफल निवडली. त्या काडतुसातला दाब एवढा मोठा आहे की पुंगळीचा तळ पोलादाचा करावा लागला. बदल्यात सैनिकाच्या अंगावरची नेहमीची काडतुसे २१० वरून १४० वर आली. हे योग्य की अयोग्य हे पुढची युद्धे ठरवतील. पण प्रत्येक सैनिकाची सत्तर काडतुसे कमी करणारा निर्णय फक्त पट्टाच्या जाडीवरून घेऊन चालणार नाही, इतके जुन्या अनुभवावरून आजच म्हणता येते.

आता आपल्या घराकडे पाहू. महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध फार जुना आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना १९६४ चा. रायफलींची काडतुसे हेच त्याचे मुख्य काम. २०२१ पासून हे दोन्ही पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहेत. इन्सास रायफलीचा आराखडा पुण्याच्या पाषाण इथल्या एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेचा. म्हणजे काडतुसाचा प्रत्येक निर्णय इथल्या हजारो कामगारांच्या यंत्रांवर, साच्यांवर आणि रोजगारावर उतरतो.

भारतीय लष्कराने स्वातंत्र्यानंतर ७.६२ ची सेल्फ लोडिंग रायफल घेतली, १९९० च्या दशकात ५.५६ ची इन्सास आणली, २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार करून पुन्हा नाटोच्या ७.६२ कडे वळण घेतले, आणि २०२१ च्या अखेरीस सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार केला, तिचे ७.६२ चे काडतूस आखूड, वेगळे आणि मूळ सोव्हिएत आहे. आज एकाच पायदळात तीन काडतुसे नांदत आहेत. यामागे भूगोलाची कारणे आहेत. हिमालयातल्या दोन शिखरांमधले अंतर आणि काश्मीरमधल्या घराच्या दोन खोल्यांमधले अंतर एकच गोळी मागत नाही. पण ही कारणे मोजून, लिहून आणि पारखून घेतली आहेत की जगातल्या फॅशनबरोबर लंबक हलतो आहे, हे जाणून घेण्याचा अधिकार नागरिकांना आहे.

जाकिटांचा प्रश्न याहून जवळचा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबई पोलिसांच्या बुलेटप्रूफ जाकिटांच्या दर्जाबद्दल महाराष्ट्रभर संताप उसळला. ३१ डिसेंबर २०१७ ला पुलवामा जिल्ह्यातल्या लेथपोरा इथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तळावर हल्ला झाला, तेव्हा कठीण पोलादी गाभ्याच्या गोळ्या जवानांच्या ढालींतून आरपार गेल्याच्या बातम्या आल्या. एके रायफलीच्या काडतुसात मऊ पोलादाचा गाभा पूर्वीपासून आहे. सोव्हिएत कारखान्यांनी तो मुख्यतः शिसे वाचवण्यासाठी आणला होता. त्याच काडतुसात कठीण पोलादाचा गाभा बसवला की जाकिटासमोरचा प्रश्नच बदलतो. काल उत्तीर्ण झालेली ढाल आज अनुत्तीर्ण ठरते आणि ते कळते हल्ल्याच्या क्षणी.

या बाबतीत देशाने काही चांगली पावलेही टाकली. एप्रिल २०१८ मध्ये लष्कराने १,८६,१३८ जाकिटांचा करार केला. कठीण पोलादी गाभ्याची गोळी अडवणे ही त्यांच्याकडून उघड अपेक्षा होती. त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने आयएस १७०५१ हे बुलेटप्रूफ जाकिटांचे राष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध केले. त्याआधी प्रत्येक दल वेगवेगळ्या परदेशी प्रमाणांच्या आधारे खरेदी करत असे. स्वतःच्या देशातला धोका पाहून स्वतःची कसोटी लिहिणे ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय ती लिहिणाऱ्यांना दिले पाहिजे.

आता ती कसोटी म्हातारी होऊ न देणे हे पुढचे काम आहे. त्यासाठी चार गोष्टी ठामपणे मागितल्या पाहिजेत. पहिली, प्रत्येक कसोटीबरोबर ती कोणत्या धोक्यासाठी, कोणत्या अंतरासाठी आणि कोणत्या वर्षी लिहिली हे नोंदलेले असावे आणि ठरलेल्या मुदतीत तिचा खरोखर फेरविचार व्हावा. दुसरी, चाचणी विकणाऱ्यानेही करू नये आणि विकत घेणाऱ्यानेही एकट्याने करू नये. नमुने कंपनीने आणून दिलेले नसावेत, गोदामातल्या ढिगातून उचललेले असावेत. तिसरी, वापरातली जाकिटे ठरावीक काळाने परत मागवून तपासावीत. सिरॅमिकच्या पट्टाला पडझडीत बाहेरून न दिसणारी चीर जाते, आणि नव्या पट्टावर मिळवलेले प्रमाणपत्र ती चीर गेलेल्या पट्टाला लागू होत नाही. चौथी, राज्यांच्या पोलिसांना लष्कराइतकीच काटेकोर कसोटी मिळावी. नक्षलग्रस्त गडचिरोलीतल्या शिपायाच्या छातीसमोर येणारी गोळी त्याचे खाते विचारून येत नाही.

काडतुसाच्या निवडीलाही हाच न्याय लावला पाहिजे. पत्रा किती दूरवरून भेदला, एवढा एकच आकडा पुढे ठेवून निर्णय झाला तर आपण १९८० ची चूक आपल्या पैशाने करू. गोळीचा मऊ लक्ष्यावरचा परिणाम, सैनिकाला वाहता येणारी संख्या, धक्का सोसून दुसरा नेम किती लवकर धरता येतो, उणे तापमानात आणि वाळवंटाच्या उन्हात दारूचे वर्तन, वरणगाव आणि खडकीत युद्धकाळात किती उत्पादन निघू शकेल, हे सगळे प्रश्न त्या पत्र्याशेजारी मांडले पाहिजेत.

गुप्ततेचे कारण पुढे केले जाईल. ते अंशतः खरे आहे. विशिष्ट जाकिटाचे कमकुवत भाग किंवा चाचणीतले बारीक आकडे जाहीर करण्याची मागणी कोणीही जबाबदार माणूस करणार नाही. पण कसोटी कोणी लिहिली, केव्हा तपासली, चाचणी स्वतंत्र होती का आणि किती नमुने नापास झाल्यावर माल परत गेला, हे सांगितल्याने शत्रूला काही मिळत नाही. दडवल्याने मात्र निकृष्ट मालाला आडोसा मिळतो.

संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने आणि आपल्या विधिमंडळाने ही माहिती दरवर्षी मागितली पाहिजे, माध्यमांनी खरेदीच्या रकमेइतकेच चाचणीच्या पद्धतीबद्दल लिहिले पाहिजे, आणि ज्यांच्या घरातला मुलगा, मुलगी, भाऊ गणवेशात आहे त्यांनी लोकप्रतिनिधींना निःसंकोच विचारले पाहिजे: याच्या अंगावरच्या जाकिटाची आणि हातातल्या काडतुसाची कसोटी कोणत्या वर्षीची आहे, आणि ती शेवटची कधी बदलली?